जुनी विमाने, नवे रण आणि जोडीचा प्रश्न

(ओतूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत कुस्तीचा आखाडा भरतो, तेव्हा त्याभोवती बसलेली जाणती मंडळी पैलवानाचे वय विचारीत नाहीत. ती जोड पाहतात. समोर कोण आहे, त्याचे वजन किती, त्याचा डाव कोणता, हे पाहून कुस्ती लावली जाते. जोड बरोबर असेल तर उताराला लागलेला पैलवानही मैदान मारून जातो. जोड चुकली तर भरज्वानीतील मल्लही चीतपट होतो. आणि त्या वेळी दोष त्या मल्लाला नव्हे, कुस्ती लावणाऱ्याला दिला जातो. आजचा विषय युद्धाचा आहे, विमानांचा आहे. परंतु त्याचे मर्म ओतूरच्या या आखाड्यातच सापडण्यासारखे आहे.

27 डिसेंबर 2019 रोजी जोधपूरच्या तळावरून मिग-27 या विमानाने अखेरचे उड्डाण केले. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 ने निरोप घेतला. 1963 मध्ये हवाई दलात दाखल झालेल्या या विमानाने सहा दशकांहून अधिक काळ सेवा केली. या दोन्ही निरोपांच्या वेळी देशात दोन परस्परविरोधी सूर उमटले. एक सूर कृतज्ञतेचा होता, तर दुसरा संतापाचा. पहिल्याच्या लेखी ती विमाने भरवशाची योद्धी होती. दुसऱ्याच्या लेखी त्या उडत्या शवपेट्या होत्या आणि त्या कधीच मोडीत काढायला हव्या होत्या. दोन्ही बाजूंच्या भावना खऱ्या आहेत. परंतु जुने विमान आजच्या युद्धात उपयोगी आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर भावनेने मिळत नाही. त्यासाठी प्रथम ते विमान कोणत्या कामासाठी पाठवायचे, हे पाहावे लागते.

खंदकातील जवानाची अपेक्षा

हवाई दलाची कामे अनेक असतात. शत्रूची विमाने पाडणे, त्याचे तळ उद्ध्वस्त करणे, टेहळणी करणे, रसद पोहोचविणे ही त्यांपैकी काही. या सर्वांहून वेगळे आणि कदाचित सर्वांत अवघड असे एक काम आहे. ते म्हणजे आघाडीवर शत्रूशी प्रत्यक्ष भिडलेल्या आपल्या पायदळाला आकाशातून तत्काळ साहाय्य देणे. यालाच निकट हवाई साहाय्य म्हणतात. येथे आपला जवान आणि शत्रू यांच्यातील अंतर कधी कधी काहीशे मीटरच उरलेले असते. बॉम्ब थोडा इकडे पडला तर शत्रू मरतो आणि थोडा तिकडे पडला तर आपलाच माणूस.

यास्तव या कामासाठी लागणारे गुण निराळे असतात. येथे विमानाचा प्रचंड वेग फारसा कामाचा नसतो. किंबहुना तो अडचणीचाच ठरतो. वैमानिकाला जमीन नीट दिसली पाहिजे, आपले आणि परके ओळखता आले पाहिजेत. विमानाला रणांगणावर घिरट्या घालीत थांबता आले पाहिजे, चार गोळ्या लागूनही परतता आले पाहिजे. जमिनीवरून किंवा आकाशातून त्याला लक्ष्य दाखविणारा कोणीतरी हवा. आणि डोक्यावर शत्रूची लढाऊ विमाने नसावीत. खंदकातील जवानाला विमानाच्या जन्मसालाशी काही कर्तव्य नसते. हाक मारल्यावर ते वेळेवर येते की नाही आणि नेमका घाव घालते की नाही, एवढेच तो पाहतो.

ही हाक गेलीच नाही, असाही प्रसंग या देशाने अनुभवला आहे. 1962 मध्ये हिमालयात आपले जवान अपुऱ्या साधनांनिशी चिनी आक्रमणाला तोंड देत होते, तेव्हा आपल्या लढाऊ विमानांचा वापरच करण्यात आला नाही. विमाने नव्हती म्हणून नव्हे, तर ती वापरण्याचा निर्णय झाला नाही म्हणून. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि तीनच वर्षांत पुन्हा तशी हाक आली.

चुकलेली जोड आणि जुळलेली जोड

1 सप्टेंबर 1965 रोजी छांबच्या आघाडीवर पाकिस्तानी रणगाडे मुसंडी मारून आत घुसले. अखनूर हातचे जाण्याचा धोका होता. सायंकाळच्या सुमारास भूदलाने विमानांची मागणी केली. हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे गेले आणि यशवंतरावांनी अवघ्या काही मिनिटांत अनुमती दिली. 1962 चा निर्णयशून्यतेचा डाग त्या मिनिटांनी पुसला. तासाभरात पठाणकोटहून विमाने झेपावली.

परंतु त्यांत अग्रभागी होती ती व्हॅम्पायर. या विमानाचे पहिले उड्डाण 1943 मधले, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले. समोर पाकिस्तानची सेबर विमाने होती, वेगवान आणि क्षेपणास्त्रांनी सज्ज. त्या सायंकाळी चार व्हॅम्पायर परत आली नाहीत. मावळत्या उजेडात आणि धुळीत ओळख पटणे कठीण झाल्याने काही मारा आपल्याच सैन्यावरही झाला. शत्रूची मुसंडी मंदावली खरी, परंतु त्यासाठी मोजलेली किंमत फार मोठी होती. त्यानंतर व्हॅम्पायर विमाने आघाडीच्या कामातून काढून घेण्यात आली. वैमानिकांच्या धैर्यात तसूभरही उणीव नव्हती. उणीव होती ती जोडीत.

आता सहा वर्षे पुढे येऊ. 1971 च्या डिसेंबरमधील 4 आणि 5 तारखेच्या मधली रात्र. राजस्थानच्या वाळवंटातील लोंगेवालाच्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि 23 पंजाबचे सुमारे 120 जवान होते. 'बॉर्डर' या चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोहोचली आहे. सुमारे 45 रणगाडे आणि दोन हजारांवर सैनिक चालून आले. चांदपुरींनी विमानांची मागणी केली. परंतु जैसलमेरला जी मोजकी हंटर विमाने होती, त्यांना रात्री लढण्याची साधने नव्हती. उजाडेपर्यंत ठाणे टिकवणे, एवढाच मार्ग उरला. ते त्यांनी टिकविले.

हंटरही तेव्हा नवे नव्हते. त्याचे पहिले उड्डाण 1951 चे. जैसलमेरची ती विमाने तर प्रामुख्याने वैमानिकांना प्रशिक्षण देणाऱ्या तुकडीतील होती. परंतु सूर्य उगवला आणि चित्र पालटले. उघड्या वाळवंटात रणगाड्यांना लपायला झाड नव्हते. वाळूतील त्यांच्या पट्ट्यांच्या खुणा वरून स्पष्ट दिसत होत्या. पाकिस्तानी हवाई दलाचे छत्र त्या रणगाड्यांवर नव्हते. 'कृषक' हे छोटेसे टेहळणी विमान घेऊन मेजर आत्मासिंग लक्ष्ये दाखवीत होते. हंटरच्या 30 मिलिमीटरच्या तोफा आणि रॉकेटे यांनी मग आपले काम चोख बजावले. लढाई संपली तेव्हा तीसहून अधिक पाकिस्तानी रणगाडे नष्ट झालेले, निकामी झालेले किंवा सोडून दिलेले आढळले.

विमान जुने छांबलाही होते आणि लोंगेवालालाही होते. एका ठिकाणी ते बळी ठरले, दुसऱ्या ठिकाणी तारणहार. फरक विमानाच्या वयात नव्हता. फरक होता तो आकाश कोणाच्या ताब्यात आहे, उजेड कसा आहे, लक्ष्य दिसते आहे का आणि ते दाखविणारा कोणी आहे का, यात.

कारगिलचा धडा

हाच धडा 1999 मध्ये अधिक कठोरपणे मिळाला. कारगिलच्या शिखरांवर घुसखोर बसले होते आणि खालून चढणारा आपला जवान त्यांच्या माऱ्यात होता. 26 मे रोजी हवाई दलाने 'सफेद सागर' ही कारवाई सुरू केली. त्या वेळी हवाई दलप्रमुखपदी अनिल टिपणीस हे मराठी अधिकारी होते. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असे बंधन होते. लक्ष्ये पंधरा-अठरा हजार फुटांच्या उंचीवर होती. इतक्या उंचीवरील लक्ष्यांवर अशा प्रकारे विमानांनी लढण्याचा अनुभव जगात कोणालाच फारसा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-27 ने रॉकेटे डागली आणि विरळ हवेत इंजिन बंद पडले. ते उडी मारून वाचले, परंतु शत्रूच्या हाती पडले. 3 जून रोजी त्यांची सुटका झाली. त्यांचा शोध घेणारे स्क्वॉड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-21 खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राला बळी पडले आणि त्यांना वीरमरण आले. 28 मे रोजी तोलोलिंगवर हल्ला करणारे एमआय-17 हेलिकॉप्टर असेच पाडले गेले. त्यातील स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट राजकिशोर साहू हे चौघेही कामी आले. उष्णतेच्या मागावर येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकविण्यासाठी जळत्या ज्योती सोडण्याची जी यंत्रणा असते, ती त्या हेलिकॉप्टरवर नव्हती. तीन दिवसांत ही किंमत मोजावी लागली.

यानंतर हवाई दलाने जे केले, ते अभ्यासण्याजोगे आहे. सशस्त्र हेलिकॉप्टरे त्या कामातून काढून घेतली. विमाने क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याबाहेर राहून वरून मारा करू लागली. उंची वाढली की नेम ढळतो, म्हणून बाजारात मिळणारी, हातात मावणारी जीपीएस यंत्रे आणि साधी स्टॉपवॉच वापरून मिग-21 च्या वैमानिकांनी रात्रीही बॉम्बफेक केली. शत्रूची झोप उडविण्यात या रात्रीच्या हल्ल्यांचा मोठा वाटा होता. दुसरीकडे मिराज-2000 विमानांनी 17 जून रोजी मुंथो ढालो येथील शत्रूचा रसदतळ उद्ध्वस्त केला आणि 24 जून रोजी लेसर-मार्गदर्शित बॉम्बने टायगर हिलवर अचूक घाव घातला. त्यानंतर आपल्या जवानांनी ते शिखर सर केले.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. मे महिन्यातील मिग आणि जून महिन्यातील मिग हे एकच विमान होते. बदलली ती लढण्याची रीत. म्हणजे जुन्या विमानाला नवी दृष्टी आणि सुरक्षित अंतर दिले तर ते पुन्हा कामाचे ठरते. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ही रीत आपण शिकलो ती शांततेच्या काळात सरावाने नव्हे, तर पाच वीरांचे प्राण गमावून.

जगाचा अनुभव

जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. अमेरिकेचे ए-10 हे विमान निकट हवाई साहाय्यासाठीच जन्माला आले. 1972 मध्ये ते प्रथम उडाले. सात नळ्यांच्या 30 मिलिमीटर तोफेभोवतीच ते रचले आहे, असे म्हटले तरी चालेल. वैमानिकाच्या भोवती टायटॅनियमचे जाड कवच आहे. अमेरिकी हवाई दलाला हे संथ विमान अनेकदा निवृत्त करायचे होते, आणि तेथील संसदेने अनेकदा ते रोखले. कारण इराक आणि अफगाणिस्तानात पायदळातील सैनिकांनी त्याचे मोल अनुभवले होते. तथापि 1991 च्या आखाती युद्धात, जेथे विमानविरोधी मारा तीव्र होता तेथून याच ए-10 ला मागे घ्यावे लागले, हेही विसरता येत नाही. ज्या शत्रूपाशी हवाई संरक्षण नाही, त्याच्याविरुद्ध ते काळ ठरते. ज्याच्यापाशी ते आहे, त्याच्याविरुद्ध ते स्वतःच सावज ठरते.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, तेव्हा सुखोई-25 हे सोव्हिएत काळातील विमान दोन्ही बाजूंकडे होते. खांद्यावरून डागण्याच्या क्षेपणास्त्रांनी आणि रडारवर चालणाऱ्या प्रणालींनी त्याचे आकाश असे काही आवळून टाकले की दोन्हीकडचे वैमानिक झाडांच्या शेंड्यांना घासत उडू लागले आणि दुरूनच विमानाचे नाक वर उचलून रॉकेटे भिरकावून परतू लागले. अशा माऱ्याने जीव वाचतो, परंतु अचूकता हरवते. आणि अचूकता हरवली की निकट साहाय्याचा अर्थच हरवतो. पुढे युक्रेनने आपल्या जुन्या सोव्हिएत बनावटीच्या विमानांवर फ्रेंच बनावटीचे दूरवरून सोडता येणारे बॉम्ब बसविले. जुन्या सांगाड्याला नवे अस्त्र मिळाले आणि त्याची उपयुक्तता वाढली.

याच युद्धाने आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखविली. याक-52 हे पंख्याच्या इंजिनावर चालणारे जुने प्रशिक्षण विमान युक्रेनने शत्रूची ड्रोन पाडण्यासाठी वापरले. मागच्या आसनावरील सैनिक साध्या बंदुकीने ड्रोन टिपतो. ड्रोन संथ असते; त्याच्यामागे अत्याधुनिक जेट धाडणे म्हणजे माशी मारायला तोफ लावणे. संथ ड्रोनाला संथ विमान, ही जोड अचूक जुळली.

उपयुक्तता आणि सबब

मग भारताने काय बोध घ्यावा? जुने ते सारे टाकाऊ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. प्रत्येक बंकरवर राफेल पाठविणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. परंतु 'जुने विमान उपयोगी आहे' हे वाक्य दोन माणसे दोन अर्थांनी उच्चारतात. एक असतो विचारपूर्वक नियोजन करणारा. तो जुन्या विमानाला नवी यंत्रणा देतो, योग्य काम नेमून देतो आणि त्याच्या निवृत्तीचा दिवसही आधी ठरवितो. दुसरा असतो नव्या विमानाचा निर्णय लांबणीवर टाकणारा. त्याच्या तोंडी तेच वाक्य सबब बनते.

मिग-21 च्या बाबतीत असे म्हणावे लागते की हे विमान मुळात उंच आकाशात झपाट्याने शत्रूला गाठण्यासाठी घडविलेले. त्याला जमिनीवरील माऱ्यापासून अनेक कामे देण्यात आली आणि त्याची जागा घेणारे स्वदेशी तेजस वर्षानुवर्षे लांबत गेले. 2021 मध्ये 83 तेजस मार्क-1ए विमानांची मागणी नोंदविली गेली. ती 2024 पासून मिळायची होती. तो मुहूर्त टळला. परदेशी इंजिने वेळेवर न मिळणे हे त्याचे एक मोठे कारण होते. मिग-21 निवृत्त झाले तेव्हा लढाऊ विमानांच्या मंजूर 42 स्क्वॉड्रनच्या जागी सुमारे 29 उरल्या.

जग्वारची कथाही अशीच बोलकी आहे. 1979 मध्ये ते आपल्याकडे आले. इतर सर्व देशांनी ते निवृत्त केल्यानंतरही केवळ भारत ते वापरीत राहिला. त्याची दिशादर्शन आणि मारा करण्याची यंत्रणा आपल्या अभियंत्यांनी टप्प्याटप्प्याने आधुनिक केली, हे निश्चितच कौतुकास्पद. परंतु अधिक शक्तिशाली इंजिन बसविण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत राहून 2019 मध्ये खर्चापायी सोडून देण्यात आला. 2025 या एकाच वर्षात तीन जग्वार कोसळली आणि तीन वैमानिकांनी प्राण गमावले. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असू शकते. परंतु कार्यक्रम लांबला तर त्याची किंमत कागदावर नव्हे, कॉकपिटमध्ये मोजली जाते, याचे भान धोरण आखणाऱ्यांना असलेच पाहिजे.

आशेचे चिन्हही आहे. कारगिलमध्ये हेलिकॉप्टर गमावल्याच्या वेदनेतून, उंच शिखरांवर लढू शकेल अशा स्वदेशी हेलिकॉप्टरची निकड पटली. त्यातून 'प्रचंड' घडले. 5,000 मीटर उंचीवर शस्त्रांसह ते उतरू शकते आणि तेथून उडू शकते. ऑक्टोबर 2022 मध्ये ते हवाई दलात दाखल झाले आणि मार्च 2025 मध्ये भूदल व हवाई दल यांच्यासाठी अशा 156 हेलिकॉप्टरांचा करार झाला. खंदकातील जवानाची हाक ऐकण्याचे काम आता हेलिकॉप्टर, ड्रोन आणि दूरवरून मारा करणारी विमाने वाटून घेऊ लागली आहेत. हाक मात्र तीच आहे, आणि ती कधी जुनी होणार नाही.

दोन ओझर

ओतूरमध्ये 'ओझर' म्हटले की कुकडीकाठचा विघ्नहर आठवतो. नाशिक जिल्ह्यातही एक ओझर आहे. तेथे 1964 मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना उभा राहिला. पाचशेहून अधिक मिग-21 तेथे घडली. कारगिलच्या शिखरांवर झेपावलेली मिग-27 तेथलीच. पुढे सुखोई-30 तेथेच बांधली गेली. आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी त्याच कारखान्यात जुळणी झालेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए विमानाने आकाशात झेप घेतली. मिग-21 च्या निरोपाला तेव्हा महिनाही उलटला नव्हता.

ज्या मातीत जुने योद्धे घडले, त्याच मातीत नवे घडू लागले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण पहिले विमान उडणे आणि आघाडीवर पुरेशी विमाने उभी असणे, यांत अजून बरेच अंतर आहे. ते अंतर कापण्याची गती कारखान्याने, शासनाने आणि जागरूक नागरिकांनी मिळून राखायची आहे. नागरिकांनी काय करायचे, असा प्रश्न पडेल. वीरमरणाच्या बातमीने डोळे ओलावणे हे तर कर्तव्यच. परंतु विमान वेळेवर का आले नाही, हा प्रश्न वीरमरणाच्या आधी विचारणे हेही तितकेच कर्तव्य आहे.

आखाड्यात जोड चुकली तर पैलवान फार तर पाठीवर पडतो आणि पुढल्या श्रावणात पुन्हा उभा राहतो. छांबच्या आकाशातून न परतलेल्या वैमानिकांना ती संधी नव्हती. म्हणून तेथे कुस्ती लावणाऱ्याची जबाबदारी अधिक मोठी असते.